दारू सोडवायला कार्ड चालतं का?

हा प्रश्न मला फोनवर येतो तेव्हा आवाज नेहमी खालच्या पट्टीतला असतो. विचारणारी बहुतेक वेळा बाई असते, नवरा नाहीतर मुलगा आतल्या खोलीत पडलेला असतो, आणि ‘कार्ड’ म्हणजे नक्की कुठलं हे तिलाही धड माहीत नसतं. कुणी आयुष्मानचं म्हणतं, कुणी फुले योजनेचं, कुणी ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी अकाउंट्स बघते. माणसं कमी, म्हणून पगार, पीएफ, ईएसआय आणि हजेरीही माझ्याच टेबलावर. त्यामुळे ओळखीपाळखीत ‘तिला विचार, तिला कार्डातलं कळतं’ असं माझं नाव झालंय. शिवाय आमच्या दाजींचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. दाजी स्वतःच म्हणाले, लिहून टाक एकदाचं, मेव्हणीबाई, म्हणजे सारखं सारखं सांगायला नको. म्हणून लिहितेय.

उत्तर आधीच देते. चालतं. पण लोक जे समजून विचारतात त्याला चालत नाही. लोकांच्या डोक्यात असतं व्यसनमुक्ती केंद्र: माणूस तीन महिने आत ठेवायचा आणि कार्ड दाखवून सुटायचं. तसं कुठल्याच कार्डावर होत नाही. कार्डावर मिळतं ते हॉस्पिटल. आणि हॉस्पिटल कशाला हवं, दारू सोडायला काय ऑपरेशन करायचंय का, असं घरोघर वाटत असतं. आम्हालाही तसंच वाटायचं.

2022 चा श्रावण. आपल्याकडे पिणाऱ्यांना श्रावण पाळायची भारी हौस. गटारीला गळ्यापर्यंत प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद, वर ‘बघा, मनात आणलं की मी सोडू शकतो’ हे ऐकवायला मोकळे. दाजी व्हीएमसी ऑपरेटर, म्हणजे कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनवर. आधी शनिवारची, मग रोजची, मग सकाळी हात थरथरायला लागले की कामावर जायच्या आधीची, असा त्यांचा चढता क्रम. दरवर्षी त्यांचा श्रावण पहिल्याच आठवड्यात मोडायचा. त्या वर्षी मात्र ताईने पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता, आणि दाजींनी खरंच थेंब घेतला नाही. पहिल्या दिवशी घाम आणि थरथर. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि पहाटे फिट आली. ताईच्या सासूबाईंनी लिंबू उतरवून चौकात टाकलं. दुपारपर्यंत माणूस बरा वाटला, म्हणून कुणी दवाखान्याचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या.

रिक्षात घालून ईएसआयच्या हॉस्पिटलात नेलं. कॉटवर झोपवलं तरी त्यांचे हात थांबेनात. मी बराच वेळ बघत होते, हे काय करतायत म्हणून, आणि मग लक्षात आलं: ते मशीन चालवत होते. डाव्या हाताने दार सरकवायचं, जॉब काढायचा, एअर मारायची, नवा जॉब लावायचा, दार बंद, बोटाने बटण. पुन्हा दार. मधेच ‘ऑफसेट चुकलाय’ म्हणून कुणावर तरी ओरडायचे. पापणी न लवता. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले आणि ताईला विचारलं, “शेवटची कधी घेतली?”

ताई म्हणाली, “घेत नाहीत हो. श्रावण पाळतात.”

“म्हणूनच विचारतेय,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मग जे समजावलं ते मी आता फोनवर सगळ्यांना सांगते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण 48 ते 72 तासांच्या आसपास भ्रम सुरू होऊ शकतो. ताप, छातीत धडधड, नको ते दिसणं, माणसं न ओळखणं. यात माणूस दगावू शकतो. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरच्या नजरेखाली काढायचे असतात: लिब्रियमसारख्या शांत करणाऱ्या गोळ्या पुरेशा डोसने सुरू करून हळूहळू उतरवायच्या, आणि ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. रोज पिणाऱ्याचा श्रावण घरात, शपथेवर आणि लिंबावर निभावायचा नसतो.

आणि याच ठिकाणी कार्ड चालतं.

पण त्याआधी कागदाचं भांडण. मॅडम केसपेपर लिहीत होत्या तर ताईचे दीर मधे पडले. “मॅडम, दारूचं लिहू नका. नुसती फिट लिहा. नोकरीचा प्रश्न आहे.” तिथल्या सिस्टर म्हणाल्या, हे रोजचं आहे, निम्मे नातेवाईक हेच मागतात. मी दिरांना बाहेर नेलं आणि समजावलं, की खरं लिहिलं नाही तर खरं औषध कसं देणार? आणि ईएसआयला आजार दारूने झाला की उन्हाने झाला, याने फरक पडत नाही. कायद्यात आजारपण म्हणजे आजारपण. फरक पडतो तो खासगी मेडिक्लेममध्ये, आणि दिरांच्या डोक्यात तेच बसलेलं होतं.

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की दारू आणि नशेच्या पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था हा मानसिक आजारच आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विम्याचं संरक्षण द्यायचं. कलम 21. वाचून बरं वाटतं. मग घरातली मेडिक्लेमची पॉलिसी काढा आणि न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत बारावा नंबर शोधा. विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेली ही ठरावीक भाषा आहे: मद्यपान, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनाचे उपचार, आणि त्यांचे परिणाम. ‘आणि त्यांचे परिणाम’ वाचलंत ना? लिव्हरही गेलं त्यात. माझ्या नवऱ्याची पॉलिसी ज्या एजंटाने केली त्याला मी हे दाखवलं, तर म्हणाला, “ताई, आपल्या घरात कुठे कोण पितं?” विषय संपला.

तर सरकारी कार्डं. ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी रेशनकार्डावरची फुले योजना आणि आयुष्मान भारत. राज्याची योजना 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2017 मध्ये महात्मा फुल्यांच्या नावाची झाली, आणि 2020 पासून केंद्राच्या योजनेला जोडून चालते. पूर्वी दीड लाखाची मर्यादा आणि पिवळं-केशरी रेशनकार्ड. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती पाच लाख झाली आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही घेतलं. आयुष्मानच्या पॅकेजच्या यादीत मानसिक आजारांचा वेगळा भाग आहे, आणि त्यात नशेच्या पदार्थांमुळे होणारे मानसिक व वर्तनाचे आजार अशी सरळ नोंद आहे. 2018 च्या पहिल्या यादीत हा सगळा भाग सरकारी रुग्णालयांपुरताच ठेवला होता. म्हणून ‘कार्ड चालणारं चांगलं प्रायव्हेट सांग’ असं कुणी म्हणालं की मी आधी सरकारीच सांगते. तिथे आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर जायचं, रेशनकार्ड आणि आधार द्यायचं, आणि मंजुरी भरतीच्या वेळीच घ्यायला लावायची. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड काढून उपयोग नाही.

आता कुणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात तसंही कुठे फार पैसे लागतात? बरोबर. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफतच आहेत. जिल्हा रुग्णालय त्यात आलं, आणि येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार मनोरुग्णालयंही आली. मेडिकल कॉलेजांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्या निर्णयात नाहीत, तिथे केसपेपर, तपासण्या, बाहेरून आणायची औषधं असा खर्च होतो, आणि तिथे कार्डाचा उपयोग होतो.

आमच्या बाबतीत ईएसआयच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची कॉट नव्हती. फिटा थांबवून, पत्र देऊन, अँब्युलन्सने मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे दाजींनी मशीन चालवणं हळूहळू थांबवलं आणि एके सकाळी ताईला विचारलं, “आज वार कुठला? माझी फर्स्ट शिफ्ट आहे का?” ताई आनंदाने रडायला लागली, आणि मला खरी काळजी तिथून सुरू झाली. शिफ्ट म्हणजे पगार.

ही गोष्ट कुणी बोलत नाही. उपचाराचे पैसे एक वेळ लागत नाहीत, पण घरी बसलेल्या दिवसांचं काय? पंधरा-अठरा हजारांच्या पगारात हप्ता, भाडं, पोराची फी. माणूस धड उभा राहायच्या आत कामावर जातो, कारण जावंच लागतं. दिवस भरला की हातात पैसे, गेटबाहेर दुकान, आणि संपलं. फुले योजना, आयुष्मान, कुणीच बुडालेला पगार देत नाही. ईएसआय देतं. आजारपणाच्या रजेत रोजाच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत, सुरुवातीचे दोन दिवस सोडून. पाचशे रोज असेल तर साडेतीनशे. थोडे नाहीत. माझ्या मते दाजींना वाचवण्यात जितका वाटा लिब्रियमचा आहे, तितकाच या साडेतीनशेचा.

फक्त अट आहे, आणि ती दारुड्याला नेमकी नडणारी. ऑगस्टमध्ये आजारी पडलात तर मागच्या ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. रोज पिणाऱ्याची हजेरी तुम्ही पाहिली आहे का? मी रोज बघते. सोमवारी खाडा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी खाडा, मग कुणाशी तरी वाजतं आणि कंपनीच सुटते. दाजींनी त्या डिसेंबरात एक कंपनी सोडली होती, जानेवारी घरी बसून काढला आणि फेब्रुवारीत दुसरीकडे लागले होते. ज्याला या पैशांची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच नावावर दिवस कमी.

मी त्यांच्या कंपनीत फोन लावला. तिथेही माझ्यासारखीच एकजण एकटी सगळं बघते. तिला विचारलं, जॉइनिंगला नवा नंबर काढला की जुना आयपी नंबर, म्हणजे ईएसआयचा विमा नंबर, लावला? कारण नवा काढला असता तर जुन्या कंपनीतले दिवस एका नंबरवर आणि नव्यातले दुसऱ्यावर, आणि दोन्ही अपुरे. फोनवर तिच्या की-बोर्डचा आवाज, मग गप्प, मग म्हणाली, “जुनाच आहे. त्यांनी लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं होतं, मला आठवतंय, कारण असं कुणी आणत नाही.” बेरीज केली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, अर्धा डिसेंबर, मग फेब्रुवारी, मार्च. खाडे वजा जाऊन 78 च्या वर गेली बेरीज. ऑफिसात मी एकटीच होते, नाहीतर लोकांना वाटलं असतं हिला लॉटरी लागली.

मग दर आठवड्याला दवाखान्यातून दाखला, तो जमा करणं, बँकेत पैसे येणं. पैसे उशिरा आले, पण आले. दवाखान्यात दारू नकोशी करणाऱ्या गोळ्या कधी असायच्या, कधी बाहेरून घेऊन बिल लावायला सांगायचे, आणि त्या बिलाचं पुढे काय व्हायचं ते विचारू नका. तेव्हाची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हा पैसा घेत असताना मालकाला तुम्हाला काढता येत नव्हतं, ईएसआय कायद्याचं कलम 73. आणि त्याच कायद्यात घेणाऱ्यालाही बंधन होतं, कलम 64: डॉक्टर सांगतील ते करायचं, आणि बरं होण्यात अडथळा येईल असं काही करायचं नाही. मी हे दाजींना वाचून दाखवलं. म्हणाले, “म्हणजे आता प्यायलो तर सरकारचा गुन्हेगार?” मी हो म्हटलं. कायद्याचा अर्थ थोडा ताणला असेल.

आता केंद्रांबद्दल. हॉस्पिटलात अंगातली दारू उतरते. प्यायची सवय, मित्र, रिकामी संध्याकाळ, हे सगळं घरी आल्यावर तसंच असतं. ते काम समुपदेशनाचं, गटाचं, महिनोन्महिने ओपीडीत जाण्याचं, आणि ओपीडी आयुष्मानमध्ये नाही. केंद्रात राहून घेतलेलं पुनर्वसनही नाही. मला याचा राग येतो. उद्या याच माणसाचं लिव्हर बसलं, रक्ताची उलटी झाली, तर तोच पाच लाखांचा विमा लगेच उभा राहील. आधी वर्षभर दर पंधरवड्याला कुणी बोलायला हवं होतं, त्याचे पैसे मात्र त्यात नाहीत.

ते वेगळ्या खात्यातून येतात, ते लोकांना माहीत नसतं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रं असतात, तिथे कार्ड लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. जवळचं कुठलं हे 14446 या हेल्पलाइनला विचारायचं. पुण्यात मुक्तांगण आहेच, 1986 पासून, अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपापला गट, त्याच्या सभांना एक पैसा लागत नाही. आणि दुसऱ्या टोकाला ती केंद्रं, ज्यांची जीप रात्री येऊन माणसाला उचलून नेते. ताईला कुणीतरी तसलंच एक सुचवलं होतं. महिन्याला पंधरा हजार, औषधं वेगळी, पावती नाही, भेटायला येऊ नका. मी एवढंच विचारलं, की मानसिक आरोग्य कायद्याखाली राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे ना, तिचा नंबर द्या. समोरून फोन ठेवला गेला.

दाजींनी सभांचा मार्ग धरला. त्या दिवाळीला बोनस हातात आला तेव्हा घसरले. ताईने या वेळी शपथ घातली नाही, सरळ ओपीडीत नेलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, कामाला लागा. पुढच्या श्रावणात त्यांनी ‘मी श्रावण पाळत नाही’ असं गल्लीत जाहीर केलं, आणि मित्रांना कळेना हा चिडवतोय की काय. एम्सने केलेल्या 2019 च्या देशव्यापी पाहणीत म्हटलंय, की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार घेणारा 180 मागे एक. दाजींना हा आकडा तोंडपाठ आहे. सभेत नवीन माणूस आला की ऐकवतात.

परवाचा फोन चाकणहून होता. नवरा कंत्राटी कामगार, रोज क्वार्टर, आता दोन. पगारातून ईएसआय कापतात, पावतीवर दिसतं, पण कार्ड कधी दिलं नाही. तिला म्हटलं, आधी माणसाला एकदम बंद करायला लावू नकोस, सरकारी दवाखान्यात ने आणि रेशनकार्ड बरोबर ठेव. दुसरं, पगाराच्या पावतीवर दहा आकडी आयपी नंबर आहे का बघ. नसेल तर पावतीचा फोटो मला पाठव. फोटो आलाय. कपात आहे, नंबराची जागा कोरी आहे. उद्या त्या कंत्राटदाराला मी फोन करणार आहे, आणि पहिला प्रश्न विचारणार आहे की कापलेले पैसे भरलेत कुठे.